फार्मासिस्टचे नाव एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना

आपल्या सांगली-सातारा भागात पूर्वी आतारांची दुकाने असत. जडीबुटी, गुलकंद, सुरमा, माजून यांचा कारोबार बापाकडून मुलाकडे जाई आणि त्यासाठी कुठल्या कौन्सिलचा दाखला लागत नसे. आजही नुसती आयुर्वेदिक व युनानी औषधे विकायची असतील तर औषध विक्रीचा परवाना लागत नाही. ती बनवायची असतील तर लागतो. ॲलोपॅथीच्या दुकानाचे मात्र तसे नाही. तेथे कागद आधी आणि माल नंतर. त्यामुळे आतारांच्या, बागवानांच्या, मणेरांच्या घरातील मुले-मुली आता डी. फार्म., बी. फार्म. करू लागली आहेत. कोणाला कराडच्या शासकीय महाविद्यालयात जागा मिळते, कोणाला सांगलीच्या बिरनाळे कॉलेजात. ज्यांना येथे मिळत नाही ती बेळगाव, विजापूरकडे जातात. जत आणि मिरज तालुक्यातील मुलांना पुण्यापेक्षा ती गावे जवळची आहेत. भाऊबंद तिकडे असतात, राहण्याचा खर्च वाचतो.

शिक्षण पुरे करून मुलगा परत येतो आणि मिरजेत दुकान टाकायचे ठरते. तेव्हा घरात ‘लायसन्स ट्रान्सफर करून घेऊ’ असे वाक्य ऐकू येते. मी स्वतः कापडाचा व्यापारी आहे, पण बाजारपेठेत बसल्यामुळे असे कागद घेऊन अनेक जण माझ्याकडे येतात. बहुतेकांची अडचण या एका शब्दापासून सुरू होते. ‘लायसन्स’ म्हणून ज्याला आपण एक कागद समजतो, ते दोन वेगळे कागद आहेत. एक कागद माणसाचा आणि एक जागेचा. दोन्ही देणारी कार्यालये वेगळी, दोन्हींचे कायदे वेगळे.

माणसाचा कागद म्हणजे फार्मासिस्ट म्हणून झालेली नोंदणी. ती १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली राज्याची फार्मसी कौन्सिल करते. आपली महाराष्ट्राची कौन्सिल मुंबईत आहे, कर्नाटकाची बेंगळुरूत. जागेचा कागद म्हणजे दुकानाचा परवाना. तो १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली फॉर्म २० व फॉर्म २१ वर मिळतो आणि आपल्या जिल्ह्यात तो अन्न व औषध प्रशासनाचे सहायक आयुक्त देतात. पहिला कागद माणसाबरोबर जाऊ शकतो, पण राज्याची हद्द आली की थांबतो. दुसरा कागद जागेवरून हलतच नाही.

कापडाच्या धंद्याशी ताडून पाहा. मला कराडचे दुकान बंद करून सांगलीत गणपती पेठेत काढायचे असेल तर जीएसटीत पत्ता बदलायचा आणि दुकान कायद्याखाली कळवायचे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कमी कामगार असलेल्या दुकानदाराला तर ऑनलाइन सूचना दिली तरी पुरते. इचलकरंजीचा माल असो वा विट्याचा, तो विकणारा कोठे शिकला हे कोणी विचारत नाही. औषधाच्या दुकानात पहिला प्रश्न तोच असतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. ‘नोंदणीकृत फार्मासिस्ट’ कोणाला म्हणायचे, याची व्याख्या फार्मसी कायद्याच्या दुसऱ्याच कलमात आहे. माणूस ज्या राज्यात राहतो किंवा धंदा करतो, त्या राज्याच्या रजिस्टरमध्ये त्याचे नाव असले पाहिजे. हे शब्द नीट वाचावेत. कर्नाटकाच्या रजिस्टरमध्ये नाव असलेला, विजापूरला चार वर्षे काम केलेला हुशार मुलगा राहायला मिरजेत आला आणि मिरजेच्या काउंटरवर उभा राहिला, तर कायद्याच्या नजरेत तो येथे फार्मासिस्ट नाही. त्याचा डिप्लोमा खरा आहे, नोंदणी खरी आहे, पण ती येथली नाही. डॉक्टरची चिठ्ठी पाहून औषध देण्याचा अधिकार कलम ४२ ने फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टला दिला आहे. ते मोडले तर शिक्षेची तरतूद आहे.

दिल्लीच्या फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाकडे सर्व राज्यांच्या नावांचे एक केंद्रीय रजिस्टर असते, हे खरे. त्यावरून काही जण समजतात की नाव केंद्रात आले म्हणजे देशभर चालले. तसे नाही. ते रजिस्टर राज्यांच्या याद्या एकत्र करून बनते. काम करण्याचा हक्क राज्याच्या यादीतूनच येतो.

सीमाभागातल्या लोकांना हा प्रश्न नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव, विजापूर, धारवाड हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. दुकानदार जागचा हलला नव्हता, पण राज्याची हद्द त्याच्या दारावरून पलीकडे सरकली होती. काल एका राज्यात पात्र ठरणारा माणूस आज दुसऱ्या राज्याच्या अटींत बसेना, कारण काही ठिकाणी मॅट्रिकची अट आडवी येत होती. अशा लोकांसाठी फार्मसी कायद्यात १९५९ साली ३२-अ हे कलम घालावे लागले. त्यात फाळणीने विस्थापित झालेल्यांचीही सोय होती. हद्द सरकल्यावर जर कायदा बदलावा लागला, तर माणूस सरकल्यावर अर्ज तरी करावाच लागणार.

तो अर्ज करण्याचा हक्क कलम ३२ मध्ये आहे. वय १८ पुरे, त्या राज्यात राहणे किंवा तेथे फार्मसीचा धंदा करणे, आणि मान्य परीक्षा पास असणे किंवा दुसऱ्या राज्यात नोंदणीकृत फार्मासिस्ट असणे, एवढ्या अटी पुऱ्या झाल्या आणि ठरलेली फी भरली की नाव नोंदवून घेण्याचा अधिकार माणसाला मिळतो. म्हणजे ही कोणाची मेहेरबानी नाही. मध्यस्थाला पैसे मोजणाऱ्यांनी हे कलम आधी कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

यातून तीन प्रकार निघतात.

साताऱ्याचा फार्मासिस्ट सांगलीत आला, तर नोंदणीचे ट्रान्सफर मुळीच लागत नाही. दोन्ही जिल्हे एकाच कौन्सिलखाली आहेत. पत्ता बदलून घ्यावा आणि जुन्या दुकानातून आपले नाव रीतसर काढून घ्यावे, एवढेच. ‘जिल्हा बदलाचा दाखला काढून देतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

दुसरा प्रकार, कर्नाटकात शिकला पण तेथे नोंदणी केलेली नाही. राहणारा जतचा, घर जतला, रेशनकार्ड जतचे. त्याने उगाच बेंगळुरूत नोंदणी करून मग ती इकडे आणण्याचा वळसा घेऊ नये. त्याचे कॉलेज व अभ्यासक्रम दिल्लीच्या कौन्सिलने मान्य केलेला असेल तर तो थेट महाराष्ट्रात अर्ज करू शकतो. पडताळणी कॉलेजची आणि परीक्षा मंडळाची होते, तिला वेळ लागतो. पण ट्रान्सफरपेक्षा एक टप्पा कमी. अलीकडे डिप्लोमा झालेल्या मुलांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २०२२ च्या नियमांनी डी. फार्म.नंतर एक्झिट परीक्षा आणली आहे. आपल्या तुकडीला ती लागू आहे की नाही हे कौन्सिलकडूनच विचारून घ्यावे, कॉलेजच्या कारकुनाच्या तोंडी शब्दावर राहू नये.

तिसरा प्रकार खऱ्या ट्रान्सफरचा. नाव कर्नाटकाच्या रजिस्टरमध्ये आहे आणि आता धंदा महाराष्ट्रात करायचा आहे. येथे आधी जुन्या कौन्सिलकडे जावे लागते. तेथील नोंदणी चालू आहे का ते पाहावे. नूतनीकरणाची फी भरली नाही तर कलम ३४ प्रमाणे नाव यादीतून कमी होते, आणि कमी झालेल्या नावावर ना-हरकत दाखला मिळण्यात अडचण येते. आधी राहिलेली फी भरून नाव पुन्हा घालून घ्यावे लागते. मग ना-हरकत दाखला आणि ज्याला ‘गुड स्टँडिंग’ म्हणतात तो, म्हणजे या माणसाविरुद्ध काही कारवाई नाही असा दाखला. हाच दाखला पुढे दुबई-सौदीला जाणाऱ्यांनाही लागतो. ते घेऊन महाराष्ट्र कौन्सिलकडे अर्ज करायचा. सोबत दहावी-बारावीचे, डिप्लोमाचे गुणपत्रक, मूळ नोंदणी प्रमाणपत्र, राहण्याचा पुरावा. ही कौन्सिल त्या कौन्सिलकडून खात्री करून घेते आणि मग नाव चढते. अर्ज आता ऑनलाइन भरतात. फी बदलत असते, म्हणून येथे आकडा देत नाही.

या प्रवासात एक मधला काळ येतो आणि धोका तेथेच आहे. जुन्या राज्यातून नाव निघाले, नव्या राज्यात अजून चढले नाही. या काळात तो माणूस कोणत्याच रजिस्टरवर नसतो. घरच्यांना वाटते, काम तर होणारच आहे, तोवर दुकान सुरू करू. गाळ्याचे डिपॉझिट दिलेले असते, फर्निचर झालेले असते, भाडे चालू झालेले असते. माझे स्पष्ट मत असे की नाव चढल्याचे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत गाळ्याचा करारच करू नये. फार तर बयाणा द्यावा आणि मुदत मागून घ्यावी. कापड पडून राहिले तर पुढच्या ईदला किंवा दिवाळीला विकता येते. औषधाच्या पाकिटावर तारीख छापलेली असते.

दुसरा मोह जुनी नोंदणी लपवण्याचा. ‘बेंगळुरूला कोण जातो, नवा म्हणूनच अर्ज करू’ असा सल्ला देणारे शहाणे पुष्कळ भेटतात. अर्जात दुसरीकडे नोंदणी आहे का, असा प्रश्न असतो आणि त्याखाली आपण सही करतो. कलम ३६ सांगते की खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट दडवून नाव घातले असेल तर ते काढून टाकता येते. मुलगा पाच वर्षे दुकान चालवील, कर्ज घेईल, लग्न करील, आणि मग एखाद्या पडताळणीत हे बाहेर येईल. चार महिने वाचवण्यासाठी एवढे मोठे ओझे त्याच्या डोक्यावर ठेवू नये.

सीमेवरच्यांसाठी एक खुलासा. म्हैसाळ ओलांडले की कागवाड, तेथून कर्नाटक सुरू. घर मिरजेत आणि काम कागवाडला असे अनेक जण आहेत. व्याख्येत ‘राहतो किंवा धंदा करतो’ असे शब्द असल्यामुळे कागवाडच्या दुकानात उभे राहणाऱ्याचे नाव कर्नाटकात असणे बरोबरच आहे. मात्र एकच नाव दोन्हीकडे ठेवून सकाळी इकडे आणि संध्याकाळी तिकडे असे चालत नाही.

आता सर्वांत जास्त अर्ज जेथे अडकतात त्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे नाव. आमच्या वेळी उर्दू शाळेच्या दाखल्यावर नाव उर्दूत लिहिले जाई. ते मराठीत उतरवताना हेडमास्तर एक लिहीत, इंग्रजीत उतरवताना बोर्डाचा कारकून दुसरे लिही. महंमद, मोहम्मद, मुहम्मद आणि नुसते ‘मो.’ हे चारही आपल्याला एकच वाटतात. संगणकाला ते चार माणसे वाटतात. तांबोळी आणि तंबोळी, मुल्ला आणि मुल्लाणी, आतार आणि अत्तार यांचे तेच. भर म्हणजे महाराष्ट्रात नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी रीत. कर्नाटकाच्या कागदावर कधी आडनाव आधी येते, कधी वडिलांच्या नावाचे एकच अक्षर राहते. दोन राज्यांचे कागद समोरासमोर ठेवले की फरक उठून दिसतो आणि अर्ज परत येतो. यात कोणी आपल्याशी वैर धरलेले नसते. बनावट प्रमाणपत्रांच्या काळात कारकुनाने अक्षर अन् अक्षर ताडून पाहणे योग्यच आहे.

यावर उपाय कॉलेजात असतानाच करावा. दहावीचे प्रमाणपत्र हा पाया धरून आधार, बारावी, डिप्लोमा सर्व त्याच स्पेलिंगने करून घ्यावे. किरकोळ फरक असेल तर प्रतिज्ञापत्र चालू शकते. नावच बदलले असेल तर शासन राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे. कन्नड किंवा उर्दू दाखला असेल तर त्याचे प्रमाणित भाषांतर आधीच काढून ठेवावे.

हा प्रश्न मुलींच्या बाबतीत दुप्पट होतो. विजापूरची मुलगी डी. फार्म. होऊन, नोंदणी करून लग्नाने सांगलीत येते. सासरी नाव बदलते, मधले वडिलांचे नाव जाऊन नवऱ्याचे येते, आडनाव बदलते. राज्यही बदलते. आता तिच्या प्रमाणपत्रावरची मुलगी आणि आधारवरची सून एकच आहे हे सिद्ध करायला निकाहनामा पुढे केला जातो. तो उर्दूत असतो, आणि कौन्सिलला सरकारी विवाह नोंदणीचा दाखला हवा असतो. १९९८ च्या कायद्याने महाराष्ट्रात सर्व धर्मीयांच्या विवाहाची नोंदणी करता येते; महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत येथे ती होते. निकाह झाल्याबरोबर हे काम उरकून घ्यावे. लग्न कर्नाटकात झाले असेल तर तेथील नोंदणीचा दाखला आणावा. शिकलेल्या मुलीने नाव बदललेच पाहिजे असे शरियतही सांगत नाही आणि कायदाही सांगत नाही, हेही घरच्या वडीलधाऱ्यांनी लक्षात घ्यावे. नाव तेच राहिले तर निम्मे कागद वाचतात.

नाव महाराष्ट्रात चढले, आता पुढे काय? येथे मी थोडे कडू बोलणार आहे. अनेक घरांत सुनेचे प्रमाणपत्र चौकटीत घालून दुकानात टांगले जाते आणि काउंटरवर दीर किंवा पगारी पोऱ्या बसतो. काही जण तर महिन्याच्या ठरावीक रकमेवर प्रमाणपत्र परक्या दुकानाला भाड्याने देतात. घरबसल्या चार पैसे येतात, कोणाचे काय बिघडले, असे म्हणतात. बिघडते ते असे. चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टच्या देखरेखीखाली दिले गेले पाहिजे, ही परवान्याची अट आहे. पोऱ्याने डॉक्टरचे अक्षर चुकीचे वाचले, साखरेच्या रोग्याला भलतीच गोळी गेली, तर बिलावर आणि परवान्यावर नाव त्या बाईचे आहे. तिने ती गोळी पाहिलेलीही नसते. २०१२ च्या सुमारास तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांच्या काळात महाराष्ट्रात फार्मासिस्ट हजर आहे का याची कसून तपासणी झाली, औषध विक्रेत्यांनी बंदही पुकारले. त्या काळात आपल्या भागातही अनेकांना पहिल्यांदा कळले की भिंतीवरचा कागद औषध देत नसतो. मुलगी शिकली आहे, नाव तिचे आहे, तर काउंटरवर तिलाच उभे राहू द्यावे. गिऱ्हाईक बायका तिच्याशी जे बोलतील ते दिराशी बोलणार नाहीत.

आता जागेचा कागद. हा मात्र ट्रान्सफर होत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. विजापूरचे दुकान बंद करून मिरजेत काढायचे तर मिरजेच्या जागेचा नवा परवाना. साताऱ्याचे दुकान सांगलीत आणायचे तरी नवाच. किरकोळ विक्रीसाठी किमान १० चौरस मीटर जागा लागते. किरकोळ आणि ठोक दोन्ही एकत्र करायचे तर १५. भाडेकरार, जागेचा नकाशा, फार्मासिस्टचे संमतीपत्र, फ्रिज हे सर्व पाहिले जाते. फार्मासिस्टचे नाव जुन्या दुकानाला जोडलेले राहिले तर नव्या दुकानाचा अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून राजीनामा दिल्यावर त्याची पोच जपून ठेवावी. दुकानदारानेही फार्मासिस्ट बदलल्याचे एका महिन्यात कळवायचे असते.

‘चालू मेडिकल लायसन्ससह विकणे आहे’ अशा पाट्या दिसतात. फर्निचर विकत मिळेल, गिऱ्हाइकी मिळेल, परवाना मिळणार नाही. मालक किंवा भागीदार बदलला तर जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने चालतो. तेवढ्यात नवा घ्यावा लागतो. वडिलांनंतर भावाभावांत वाटणी होते तेव्हाही हेच लागू, आणि दुःखाच्या दिवसांत ही मुदत कधी उलटते कळत नाही. २०१७ च्या दुरुस्तीपासून परवान्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण उरले नाही, पण दर पाच वर्षांनी तो चालू ठेवण्याची फी भरावी लागते. ‘आता कायमचा झाला’ म्हणून ती विसरणारे आहेत.

ज्यांचे ट्रान्सफर रखडले आहे आणि भांडवल तर बसून आहे, त्यांना एक वाट सुचवतो. ठोक विक्रीच्या परवान्याला, म्हणजे फॉर्म २०-बी व २१-बी ला, फार्मासिस्टच पाहिजे असे नाही. औषध व्यवहाराचा एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधर किंवा चार वर्षांचा अनुभव असलेला मॅट्रिक पास माणूस चालतो. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात ठोक धंद्याला वाव आहे, स्पर्धाही तितकीच आहे.

कौन्सिलच्या रजिस्ट्रारने अर्ज फेटाळला तर निराश होऊन मध्यस्थाकडे धावू नये. लेखी कारण मागून घ्यावे. कलम ३३ प्रमाणे तीन महिन्यांत राज्य कौन्सिलकडे अपील करता येते. ती तारीख मोजता यावी म्हणून पाकीटही फेकू नये, आणि ऑनलाइन उत्तर आले असेल तर त्याच दिवशी त्याची छापील प्रत काढून अर्जाच्या पावतीला टाचून ठेवावी.